जत्रेची रात्र

(वैनगंगेकाठच्या पवनी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर शाळेतल्या मुलांना आपला मुलूख चालवत दाखवला. म्हणून मी विषयही चालण्या-फिरण्याचाच निवडला आहे. माघ, फाल्गुन आणि चैत्र या महिन्यांत आपल्या भागात भरणाऱ्या जत्रा आणि त्या जत्रांना जाणारा माणूस. मला काय म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक जत्रांचा प्राण रात्रीत आहे. त्या मुक्कामावर उभ्या राहिल्या आणि मुक्कामावरच टिकल्या. आज माणसे दुपारी येतात, जिलेबी बांधून घेतात, चार फोटो काढतात आणि दिवेलागणीच्या आत परततात. हे असेच चालले तर जत्रा नावाला राहील. जत्रेला मुक्कामी जावे आणि आलेल्याला मुक्कामी ठेवून घ्यावे, ही बाजू मांडायला मी उभा आहे.

या जत्रा याच महिन्यांत का भरतात? आपले पंचांग धानाने ठरवले आहे. दिवाळीच्या आगेमागे हलका धान निघतो, मग भारी. कापणी, भारे, पुंजणे, चुरणे यांतून शेतकरी मोकळा होतो तो संक्रांतीच्या सुमारास. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, दंडारीचे खेळ होतात, पण तेव्हा डोक्यावर कामाचे ओझे असतेच. संक्रांतीनंतर मात्र धान विकलेला असतो, हातात चार पैसे असतात, बांधीत लाखोरी आणि जवस आपापले वाढत असतात. नदी उतरलेली असते. मोह गळायला अजून अवकाश असतो. तो गळू लागला की बायामाणसे पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात शिरतात, त्यामागे तेंदूपत्ता येतो, मग लग्नसराई. या सगळ्याच्या मधली जी मोकळी जागा आहे, तीत आपल्या पूर्वजांनी जत्रा बसवल्या. देवांच्या तिथ्या वर्षभर येतच असतात, पण माणसाला सवड फक्त याच दिवसांत असते.

पवनीत उभे राहून चारी बाजूंना पाहा. नैऋत्येला चिमूरला वसंत पंचमीच्या सुमारास बालाजीची घोडायात्रा सुरू होते. लाकडी घोड्यावर बालाजीची स्वारी निघते ती रात्री, आणि तिच्या दर्शनाला आलेला माणूस त्या रात्री घरी परतूच शकत नाही. ईशान्येला गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेला गोंड समाज निघतो. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इथून माणसे येतात. आपल्या कोया पुनेम धर्माच्या मुळाशी जाण्याची ती यात्रा. आणि इथे हाकेच्या अंतरावर, रुयाड-सिंदपुरीच्या शिवारात, महासमाधीभूमी महास्तूपापाशी दरवर्षी 8 फेब्रुवारीला धम्म महोत्सव भरतो. त्या महास्तूपाला 2007 पासून जपानी भिक्षूंचे पाय लागले, तसे चंद्रपूर-गडचिरोलीच्या आडगावच्या आजीबाईंचेही. पांढरी साडी नेसलेल्या, सुनेचा हात धरून प्रदक्षिणा घालणाऱ्या त्या म्हाताऱ्या पाहिल्या की दुरून येणाऱ्यांना जागा देण्याची पवनीची जुनी सवय मोडलेली नाही, हे कळते.

ही सवय किती जुनी? 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून आपल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्या कामाचे प्रमुख. टेकडीच्या पोटात सांचीच्या तोडीचा स्तूप निघाला. त्याच्या कठड्याचे दगड निघाले आणि त्या दगडांवर ब्राह्मी अक्षरे. ती अक्षरे कोणा सम्राटाच्या विजयाची नाहीत. हा खांब अमक्याचे दान, ही पट्टी तमकीचे दान, असे आटोपशीर लेख आहेत ते. दान देणाऱ्यांत भिक्षू आहेत, घरसंसारी पुरुष आहेत, बायका आहेत. एका लेखात तर दान देणाऱ्या व्यक्तीने आपल्यासाठी काहीच मागितलेले नाही. सर्व प्राण्यांना सुख लाभो एवढेच मागितले आहे. एका शिल्पात पाच फण्यांचा नाग रिकाम्या आसनावर छत्र धरून उभा आहे आणि खाली त्याचे नाव कोरले आहे, मुचलिंद. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत, म्हणून आसन रिकामे. पण नाग मात्र इतक्या मायेने कोरला आहे की एकेक फणा निरखून पाहावा.

हे मी तुम्हा पवनीकरांना सांगावे असे नाही. मला त्यातून एवढेच दाखवायचे आहे की हा स्तूप येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बांधला. एकेक खांब, एकेक आडवी पट्टी एकेका माणसाची. आलेला माणूस इथे थांबला, त्याने काही दिले आणि आपले नाव ठेवून गेला. जत्रा घडते ती अशीच. गाव जागा देते, पण उभी करतात ती पाहुणे मंडळी.

पवनीला विदर्भाची काशी म्हणतात, ते इथल्या देवळांमुळे आणि घाटांमुळे. विदर्भाच्या अष्टविनायकांतला पंचमुखी गणपती इथला. तलम सुती कापडाला रेशमी काठ लावणारे कोष्टी इथले. जत्रेला आलेला माणूस देवदर्शन करून पवनीचे पागोटे किंवा काठाचे धोतर घेऊन परतत असे. आणि महाशिवरात्रीला वैजेश्वराचा घाट. शिवरात्र हा तिथीनेच जागरणाचा सण आहे. दिवसा उपवास, पहाटे नदीत स्नान, आणि मधली रात्र भजनात जागून काढायची. वैनगंगेच्या खोऱ्यात ही एकच रात्र किती ठिकाणी जागते ते बघा. वर अंभोऱ्याला पाच नद्यांच्या संगमावर चैतन्येश्वराची यात्रा. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये, म्हणजे 1188 साली, विवेकसिंधू तिथेच रचला असे अंभोरा मानतो. अंबाजोगाईही तसाच दावा करते, आणि दोन्ही गावांना आपल्या भाषेच्या एवढ्या जुन्या ग्रंथाचा अभिमान वाटतो ही चांगलीच गोष्ट आहे. खाली चामोर्शी तालुक्यात मार्कंडा, जिथे नदी वळून उत्तरेकडे वाहते आणि काठावरच्या देवळांच्या भिंती शिल्पांनी भरून गेल्या आहेत. तुमसरकडे गायमुख. नवेगावबांधच्या बाजूला प्रतापगड. प्रतापगडाविषयी मला थोडे थांबून बोलायचे आहे. तिथे डोंगरावर महादेव आहे आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा. महाशिवरात्रीच्या दिवसांत आलेला माणूस महादेवाला बेल वाहतो आणि दर्ग्यावर चादर चढवतो. कोणी त्याला हे शिकवलेले नसते. आईने तसे केले, आजीने तसे केले. ज्यांना आपल्या समाजात माणसे एकमेकांपासून तुटत चालली आहेत अशी काळजी वाटते, त्यांनी एक रात्र प्रतापगडाच्या पायथ्याशी काढावी. मी हे मनापासून सांगतो.

आता शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. यात मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण झाडीपट्टीची, म्हणजे आपल्या या पूर्व विदर्भाची, जत्रा म्हणजे काय ते पटाच्या गावात सगळ्यात स्वच्छ दिसते.

माझ्या मामाच्या गावी पट भरत असे. पटाची दान, म्हणजे धावपट्टी, दोन समांतर पट्ट्यांची. दोन जोड्या एकाच वेळी सुटतात, झेंडी पडते, आणि काही सेकंदांत सगळे संपते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ जाते, तो डोळे चोळेपर्यंत निकाल लागलेला असतो. मग पुढची जोडी. दिवसभर हेच. नवख्याला वाटते, एवढ्यासाठी पंचक्रोशी लोटली? पण पंचक्रोशी एवढ्यासाठी आलेलीच नसते. सासरी गेलेल्या लेकी आलेल्या असतात, जावई आलेले असतात, उपवर मुलामुलींचे आईबाप एकमेकांना दुरून न्याहाळत असतात. पुष्कळ सोयरिकींचा पहिला शब्द पटाच्या गावातच निघतो.

संध्याकाळी मामीच्या अंगणात काय चालायचे ते अजून डोळ्यांपुढे आहे. लाखोरीची डाळ दुपारीच भिजत घातलेली. पाट्यावर ती जाडसर वाटायची, अगदी गुळगुळीत नाही, कारण मग वडा घट्ट होतो. लसूण, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, मीठ. कढईत तेल तापले की दोन बोटांवर चपटा करून सोडायचा. आमच्यासमोर परड्या भरत आणि रिकाम्या होत. दारात कोण आले हे विचारण्याआधी त्याच्या हातात पाण्याचा गडवा दिला जाई. मामी अनोळखी माणसालाही आधी जेवायला बसवायची आणि मग, तो जेवत असताना, हळूच विचारायची, बाबू, तुम्ही कोणाचे?

आणि मग रात्र. नऊ-दहाच्या सुमारास सगळे गाव आणि सगळे पाहुणे नाटकाकडे निघत. मोठ्या गावात एकाच रात्री दोन-तीन ठिकाणी नाटके असतात आणि दिवसभर भोंगा लावलेली रिक्षा त्यांची नावे पुकारत फिरते. शामियान्यात शिरल्यावर पहिली दिसते ती रंगमंचासमोर खणलेली खाच. त्यात वादक बसतात: ऑर्गनवाला, तबलजी, आता कीबोर्ड आणि पॅड आले. त्यांची डोकी जमिनीच्या पातळीच्या थोडी वर. मागच्याला नट पूर्ण दिसावा म्हणून ही योजना, आणि ती कोणा स्थापत्यकाराने नव्हे, गावानेच अनुभवातून काढलेली. समोर तट्ट्यांवर माणसे बसतात, बायका घरून आणलेल्या सतरंज्या पसरतात, कडेला खुर्च्या. पोरे आईच्या मांडीवर झोपतात आणि विनोदी नटाच्या प्रवेशाला हशा उसळला की दचकून उठतात. नाटक अकराच्या आसपास सुरू होते. तीन-चारला, कधी त्याहूनही उशिरा संपते. आवडलेले गाणे पुन्हा म्हणायला लावतात, आणि नट तो आग्रह मोडत नाही. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटकांचे पेठेचे गाव. मंडळांची कार्यालये तिथे, तिथूनच संच ठरतात, तारखा बांधल्या जातात. याच रंगभूमीवर उभे आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीला तो आपल्या अंगणातला सन्मान वाटला.

पण एक हिशेब समजून घ्या. हे नाटक तिकिटावर चालते. तिकीट कोण काढतो? मुक्कामाला थांबलेला माणूस. संध्याकाळी सहाला मोटारसायकलला किक मारून निघून गेलेला माणूस पट पाहून जातो, पैसे हॉटेलवाल्याला आणि पाळण्यावाल्याला देऊन जातो, पण नाटकाला त्याचा काही उपयोग नाही. पट आणि नाटक ही एकमेकांवर टेकलेली आहेत. बैलांच्या शर्यतींवर 7 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंदी आली. ती 16 डिसेंबर 2021 ला अटींसह उठली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. मधल्या वर्षांत पट नाही म्हणून नाटकाचे निमित्तही गेले, असे कितीतरी गावांत झाले. तरी काही गावांनी बैल न पळवता नाटक ठेवले, आणि लेकी तरीही आल्या. बंदीमागची काळजी खरी होती, हेही मी इथे म्हणतो. तुतारीची, म्हणजे बैल हाकायच्या काठीची, आर टोचून, शेपटी पिरगाळून बैल पळवायचा आणि त्यालाच परंपरा म्हणायचे, हे मला कधी पटले नाही. कायद्याने जे मना केले आहे ते प्रत्येक दानीवर मनाच राहिले पाहिजे, आणि ते पाहण्याची जबाबदारी आयोजकांइतकीच माझ्या-तुमच्यासारख्या बघ्यांची आहे. जिथे बैलाला टोचताना दिसेल तिथून उठून जावे.

मुक्काम का तुटला, याला कोणी एक माणूस दोषी नाही. पूर्वी रेंगी, खासर जुंपून निघायचे. बैल थकायचे, म्हणून थांबणे भाग. 1908 मध्ये नागपूर-नागभीड छोटी लाइन सुरू झाली, पवनी रोडचे स्टेशन झाले, पण ती गाडीही आपल्या वेळेने यायची. चुकली की रात्र इथेच. 2019 मध्ये रुंदीकरणासाठी ती लाइन बंद झाली. तोवर दारोदार मोटारसायकली आल्या होत्या, रस्ते गुळगुळीत झाले होते. हे सगळे हवेच होते. रुग्णाला दवाखान्यात लवकर नेता येते, पोरगी कॉलेजला जाते. मात्र रस्त्याने जे दिले त्याबरोबर जत्रेची रात्र गेली, हे कोणाच्या लक्षातच आले नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलात वाघ पाहायला नागपूरहून, मुंबईहून माणसे येतात. पवनीच्या वेशीवरून जातात. इथे नाटक आहे, इथे घाटावर भजन आहे, हे त्यांना सांगणारे कोणी नाही.

नदीचेही सांगितले पाहिजे. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी गोसीखुर्द धरणाची पायाभरणी केली. धरण आपल्या वरच्या अंगाला. 33 दरवाजांचे हे धरण, आणि त्यातून पाणी सुटते तसा आपला घाट भरतो. ऑगस्ट 2020 च्या शेवटी पवनीपासून ब्रह्मपुरीपर्यंत काय हाहाकार झाला तो आपण सर्वांनी पाहिला. उन्हाळ्याच्या तोंडाशी ढिवर मंडळी नदीच्या रेतीत डांगरवाड्या लावत. टरबूज, डांगर, काकडी. शिवरात्रीला वेल हिरवागार असायचा आणि होळीनंतर फळ बाजारात. यात्रेकरूंना डोंग्यात बसवून पैलतीरी सोडणारेही तेच, हिवाळ्यात जत्रेत शिंगाडे विकणारेही तेच. आता रेती उपसली जाते, पाणी कधी सुटेल याचा नेम राहत नाही, आणि ज्यांच्याशिवाय या काठावरची एकही जत्रा पार पडली नसती त्यांच्या हातचे काम जाते. जत्रा टिकवायची म्हणजे ढिवराची वाडी टिकवायची. हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे समजू नका.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला पुरुष टाळतात. बायकांनी मुक्काम कसा करायचा? नातलगाचे घर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर? घाटावर आडोसा नाही, स्वच्छतागृह नाही, अंधार आहे. रात्रीच्या जत्रेची महती सांगणाऱ्याने याचे उत्तर दिले पाहिजे, नाहीतर त्याचे बोलणे अर्ध्या गावापुरतेच राहील. कचारगडच्या वाटेवर, धम्म महोत्सवात, बायका मोठ्या संख्येने येतात, कारण त्या एकट्या येत नाहीत. वस्तीच्या वस्ती एकत्र निघते, एकत्र स्वयंपाक होतो, एकत्र झोपतात. बाकीच्या जत्रांनी त्यांच्याकडून शिकावे.

म्हणून पवनीकरांपुढे मी काही मागणी ठेवतो. येत्या महाशिवरात्रीला वैजेश्वराच्या घाटाजवळच्या शाळांनी आपल्या खोल्या आणि व्हरांडे रात्रभर उघडे ठेवावेत. एका बाजूला बायका-मुलांची सोय, तिथे दिवा, पाणी आणि चालू स्थितीतली स्वच्छतागृहे. घाटावर मोठ्या अक्षरांचा फलक असावा: धरणाचे आज किती दरवाजे उघडे आहेत, पाणी कधी सुटणार आहे. एसटीची मुक्कामी गाडी जिथे बंद झाली असेल तिथे जत्रेच्या दिवसांपुरती तरी परत मागावी. सकाळी सहाला निघणारी गाडी आहे हे माहीत असले की माणूस रात्री निर्धास्त बसतो. आणि या व्याख्यानमालेने गावातल्या मुलांकडून एक वही करून घ्यावी. 1961 च्या जनगणनेबरोबर महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांचा एक स्वतंत्र खंड निघाला होता. त्यानंतर आपल्या तालुक्यात काय राहिले, काय गेले, कुठल्या गावात कोणत्या तिथीला काय भरते, रात्री काय होते, थांबायला जागा कुठे आहे, हे मुलांनी घरोघर विचारून लिहावे. म्हाताऱ्या माणसांना आधी विचारावे. घाई आहे ती तिथेच.

जे बाहेरगावाहून आजच्या व्याख्यानाला आले आहेत त्यांना सांगतो: शिवरात्रीनंतरही हंगाम संपत नाही. पळस फुलतो, होळी येते, आणि चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातून, नांदेड-परभणीकडून माणसे मजल-दरमजल करत येतात, झरपट नदीच्या काठी उतरतात आणि तिथेच चुली मांडतात. मात्र आपल्या इथल्या पटाच्या गावी यायचे असेल तर त्याआधी या. कोणाच्या घरी उतरणार ते आधी कळवा. कोणी ओळखीचे नसेल तर नाट्यमंडळाच्या पोरांना विचारा, ते घर दाखवतील. जाड पांघरूण आणा, दवाने तट्ट्या ओल्या होतात. दुपारी थोडे झोपून घ्या. आणि परतीची वेळ कोणाला सांगून ठेवू नका.